टूटू शिवायचा तर चड्डीपासून सुरुवात करा

गॅदरिंगच्या दिवसांत आया मोबाइलवर फोटो दाखवतात, "ताई, पोरीला असा आडवा उभा राहणारा फ्रॉक पाहिजे." कमरेच्या पट्टीला कितीही नेट चुणून जोडा, घेर लोंबणारच. हा टूटू, म्हणजे बॅले नाचणाऱ्या पोरींचा आडवा घेर, चड्डीवर शिवलेला असतो आणि खालचे आखूड थर वरच्या लांब थरांना उचलून धरतात.

नेट नागपूरच्या गांधीबागेतून घ्या. लेहंग्याच्या आत लावतात ते कडक कॅनकॅन मागा. दुपट्ट्याचं मऊ नेट लगेच मान टाकतं.

दहा वर्षांच्या पोरीसाठी पॉपलीनची, मांडीला इलॅस्टिक असलेली चड्डी शिवा, मागची शिवण शेवटी बंद करा. अर्ध्या अर्ध्या इंचावर खडूने नऊ ओळी आखा. सगळ्यांत खालचा थर 2 इंच, मग इंच-इंच वाढवत वरचा 10 इंच. नेटची पट्टी ओळीच्या तिप्पट लांब घ्या, चुणून ओळीवर बसवा. मी खालूनच सुरू करते. लांब थर आधी लावून मशीनच्या पायाखाली काहून घ्यायचा, बाप्पा?

मग खरी मेहनत. थर एकमेकांना हाताने गुंतवायचे, टाक्यात बोटभर ढील ठेवून. आवळले की घेर छत्रीसारखा मिटतो, न गुंतवता सोडले की थर विखुरतात. कंटाळवाणं आहे, पण मशीनवर होत नाही.

घेर ताठ राहावा म्हणून आत तार घालू नका. तारेच्या टूटूला शेजारणीचा घेर लागला की तो डुलतो. म्हणूनच 1950 मध्ये वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनच्या 'सिम्फनी इन सी' या बॅलेसाठी तार काढून टाकली आणि सहा-सात थर सैल गुंतवले. शाळेच्या स्टेजवर तर पोरींची गर्दी त्याहून जास्त.

चोळी वेगळी शिवा. बगलेखालचे तुकडे उरेब, म्हणजे तिरके कापा, श्वासाला जागा राहते. अस्तर सुतीच, आपल्याकडच्या घामापुढे सॅटिन टिकत नाही. पाठीला चेन नको. पाठीच्या एका काठाला हुक लावा, दुसऱ्या काठाला ते अडकवायच्या दोन रांगा, आणि शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड. पोरगी वाढली तरी पुढच्या वर्षी चालेल.

टिकल्या फक्त वरच्या थरावर, हलक्या.

टूटू धूत नाहीत. परदेशातल्या बॅले कंपन्या वास घालवायला चोळीवर व्होडका फवारतात! आपण अस्तर ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवावं. ठेवताना उलटा टांगा, कूलरपासून लांब, नाहीतर हुकांना गंज चढतो.