घरचा स्विमिंग पूल बांधताय? या चुका टाळा

पावसाळ्यात पोहायचं नाही म्हणून पूल रिकामा करून ठेवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कोकणात, मावळात जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी पार वर येतं. ८ बाय ४ मीटरचा, १.३ मीटर खोल, भिंती आणि तळ २०० मिमी जाड असा आरसीसी पूल धरा. त्याचं वजन साधारण ३५ टन. बाहेरचं पाणी काठापर्यंत चढलं, तर ते त्याला ५५ टनांच्या जोरानं वर ढकलतं. आत ३८ टन पाणी असेल तर पूल जागचा हलत नाही. रिकामा असेल तर उचलला जातो, पाइप तुटतात, कधी तळच फुटतो. मग दुरुस्ती कसली, नव्यानं बांधणंच येतं.

यावरचा उपाय खोदकामाच्या वेळीच करायचा. तळाखाली खडीचा थर, त्यात छिद्रांचा पाइप, आणि तो पाइप बाजूच्या खड्ड्यात उतरवून तिथे सबमर्सिबल पंप. शिवाय तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे खालून दाब वाढला की जमिनीतलं पाणी पूलमध्ये येऊ देणारी झडप. पूल उपसायचाच असेल तर उन्हाळ्यात, आणि तोही त्या खड्ड्यातली पातळी बघून.

काळ्या मातीत दुखणं वेगळं. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतीला तडे देते. मुरूम लागेपर्यंत खोदा. भिंतीमागे तीच माती परत ढकलू नका. मुरूम १५० ते २०० मिमीच्या थरांत, प्रत्येक थर धुमसून भरा.

गळती बहुतेक वेळा सलग भिंतीतून होत नाही. तळ आणि भिंत यांच्या सांध्यातून, नाहीतर पाइप आणि दिवे जिथे भिंतीतून जातात तिथून होते. सांध्यात पीव्हीसी वॉटरबार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी हवी. पाइपचे तुकडे काँक्रीट ओतण्याआधीच जागेवर बांधा. मागाहून भिंत फोडून घातलेला पाइप आज ना उद्या झिरपणारच. काँक्रीट किमान एम-३० या ताकदीचं हवं. टाइल लावण्याआधी पूल काठोकाठ भरून सात दिवस ठेवा. मुदत संपत आली की कंत्राटदार हीच पायरी गाळू पाहतो. त्याला ठाम नाही म्हणा.

पंप मोठा घेतला की पाणी जास्त स्वच्छ, हा गैरसमज आहे. वेग वाढला की घाण फिल्टरमधल्या वाळूतून आरपार जाते. ३८,००० लिटर पाणी सहा तासांत एकदा फिरवायला ताशी ६,५०० लिटर पुरे. त्याला ५०० मिमी व्यासाचा सँड फिल्टर चालतो. तळाची जाळी मात्र एकच ठेवू नका. ती अंगानं झाकली गेली की पंपाच्या ओढीनं लहान मूल तिथेच अडकू शकतं. दोन जाळ्या, किमान एक मीटर अंतरावर, एकाच पाइपला जोडलेल्या हव्यात.

बोअरचं पाणी भरणार असाल तर आधी तपासून घ्या. लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं. पीएच ७.२ ते ७.६ ठेवा, त्यावर गेला की क्लोरीन असूनही शेवाळ धरतं.

पाणी कमी होतंय पण गळती आहे की बाष्पीभवन, कळत नाही? पूलच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही सारख्याच उतरल्या तर ते ऊन-वारा. बाहेरची जास्त उतरली तर गळती. पंप बंद ठेवून हेच पुन्हा करा: आता फरक कमी पडला तर परतीचा (गाळलेलं पाणी पूलमध्ये आणणारा) पाइप तपासा, तेवढाच राहिला तर सांधे आणि दिव्यांच्या जागा.