चेहरा चुरचुरतोय? रोजच्या निगेतल्या या चुका टाळा

चेहरा धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटली की तो छान स्वच्छ झाला, असं मानणारे अजूनही खूप आहेत. खरं तर त्वचेचं स्वतःचं तेल गरजेपेक्षा जास्त निघून गेल्याची ती खूण आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 5 च्या आसपास. अंगाच्या साबणाचा पीएच बहुधा 9 ते 10 असतो, म्हणून तो चेहऱ्याला नकोच. सौम्य फेसवॉश घ्यावा, दिवसातून दोनदा वापरावा, खूप घाम आला तर आणखी एकदा. पाणी कोमट हवं. टॉवेलने खसाखसा पुसू नये, टिपावं. त्वचा फार कोरडी असेल तर सकाळी नुसत्या पाण्याने भागतं. आणि मॉइश्चरायझर लावायचं ते त्वचा जराशी ओली असतानाच, धुतल्यापासून दोन-तीन मिनिटांत.

सगळ्यात जास्त चेहरे बिघडतात ते मात्र घाईमुळे. हा प्रकार इतक्या वेळा घडतो की त्याचे आठवडेसुद्धा ठरल्यासारखे झाले आहेत. कपाळावर पाच-सहा पुळ्या असतात, गालावर जुने डाग. एकाच दिवशी चार बाटल्या घरी येतात: सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, सकाळचं व्हिटॅमिन सी, रात्रीचं ग्लायकोलिक अ‍ॅसिड (दोन्ही अ‍ॅसिडं मृत पेशी सुटवतात) आणि त्यावर रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार). पहिले चार दिवस चेहरा चकाकतो आणि हुरूप येतो. दुसऱ्या आठवड्यात नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोलपटायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात साधं मॉइश्चरायझरसुद्धा चुरचुरतं, आणि जिथे कधी पुळी आली नव्हती तिथे, जबड्याच्या कडेला, बारीक लाल पुरळ उठतं. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, ‘हे पर्जिंग आहे, आतल्या पुळ्या बाहेर पडताहेत, थांबू नकोस.’ मग जिथे हात आवरायला हवा, तिथेच मात्रा वाढते.

पर्जिंग खरंच असतं, पण ते ओळखता आलं पाहिजे. रेटिनॉल किंवा अ‍ॅसिड सुरू केल्यावर, नेहमी पुळ्या येतात त्याच जागी त्या थोड्या वाढतात आणि चार ते सहा आठवड्यांत ओसरतात. आग, खाज, लाली, खरखरीत चट्टे, नव्या जागी पुरळ असं काही दिसलं तर त्वचेचा वरचा संरक्षक थर दुखावला आहे. तेव्हा सगळ्या बाटल्या कपाटात ठेवा. पुढचे तीन-चार आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, बिनसुगंधी मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. सिरॅमाइड (त्वचेतच असणारं स्निग्ध द्रव्य) किंवा ग्लिसरीन असलेलं मॉइश्चरायझर घ्या आणि सोलपटलेल्या जागी रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. साधं मॉइश्चरायझर आठवडाभर अजिबात चुरचुरलं नाही, तरच पुढचा विचार.

पुन्हा सुरू करताना एका वेळी एकच गोष्ट. रेटिनॉल असेल तर आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरवा. त्याआधी नाकाच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेली लावा, कारण क्रीम तिथे साचतं. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल. काम जरा हळू होतं, पण टिकतं. गरोदरपणात किंवा तशी तयारी चालू असताना रेटिनॉल अजिबात नको. फरक दिसायला 12 आठवडे द्यायलाच हवेत, कारण खालच्या थरातली पेशी वर यायलाच साधारण चार आठवडे लागतात आणि वयाबरोबर त्याहूनही जास्त. रोज आरशात शोधण्यापेक्षा चार आठवड्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढावा. आठ दिवसांत उजळवण्याचा वायदा करणारं काहीही घेऊ नये.

दुसरी चूक सनस्क्रीनच्या मात्रेची. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, मोजताना दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम असा जाड थर लावलेला असतो. आपण लावतो त्याच्या निम्मा, कधी त्याहूनही कमी, मग छापलेलं संरक्षण मिळणार कुठून? एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी किरण (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतो आणि 50 साधारण 98 टक्के. या एका टक्क्यावर वाद घालण्यापेक्षा मात्रा पुरी करा. तर्जनी आणि मधलं बोट, बुंध्यापासून टोकापर्यंत दोन भरगच्च रेषा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. एकदम चोपडलं तर पांढरं दिसतं आणि लोंबतं, म्हणून आधी एका बोटाचं पसरवा, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्याचं. कान, मानेची मागची बाजू आणि हातांचे पंजे हमखास सुटतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. खिडकीच्या साध्या काचेतूनही यूव्हीए किरण (त्वचेत खोल शिरणारे अतिनील किरण) आत येतात. त्यामुळे काचेशेजारी दिवस काढणाऱ्यांनी घरातही सनस्क्रीन लावावं. वांग असेल तर रंगछटा असलेलं सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांग त्यानेही गडद होतो. मॉइश्चरायझरचा एसपीएफ 15 आणि सनस्क्रीनचा 30 मिळून 45 होत नाहीत.

दुसऱ्याच्या घरातली उरलेली ट्यूब चेहऱ्याला कधीही लावू नका. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या पंधरवड्यात चेहरा नितळ आणि उजळ होतो, म्हणून लोक महिनोन्‌महिने लावत राहतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, लव वाढते आणि क्रीम बंद केलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. असं झालं असेल तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती ट्यूब कशी सोडवायची ते त्यांनाच ठरवू द्या.

पुळीवर टूथपेस्ट नको, त्याने भाजतं. बेंझॉइल पेरॉक्साइड हे पुळ्यांवरचं औषध 2.5 टक्क्यांचं पुरतं. 10 टक्क्यांनी पुळ्या फारशा जास्त कमी होत नाहीत, आग मात्र वाढते. ते कापडाचा रंग उडवतं, तेव्हा उशीला पांढरा अभ्रा घाला. दाणेदार स्क्रब पुळ्यांवर घासू नका. व्हिटॅमिन सीचं सिरम गडद तपकिरी झालं असेल तर टाकून द्या. नवीन काहीही आणलं की आधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. आणि खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर 12 आठवडे वाट बघत बसू नका. त्यांचे खड्डे पडतात, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.