क्रोशाची एंजल ताठ कशी उभी राहील
नाताळसाठी छोटी एंजल विणताय ना, मग दोरा सुतीच घ्या, अ‍ॅक्रिलिक लोकर नको, ती नीट कडक होत नाही आणि झगा लोंबतो. पंख वेगळे विणा. अर्धा फेव्हिकॉल अर्धं पाणी मिक्स करून त्यात सगळं बुडवायचं, हलकं पिळायचं, मग कार्डशीटच्या शंकूवर प्लास्टिक गुंडाळून झगा त्यावर चढवायचा आणि पंख थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून लावायचे, टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, पांढऱ्या दोऱ्यावरचा गंजाचा डाग फार चिवट असतो. साखरेच्या पाकानेही मस्त कडक होते पण मुंग्या येतात, म्हणून मी तरी नाहीच सुचवणार. जाळीची भोकं बुजली तर ओलं असतानाच फुंकर मारा. रात्रभर वाळवा, मगच पंख शिवा.