‘त्यांनी’ म्हणजे कोणी? मृत्युपूर्व जबानीतल्या या चुका टाळा

मृत्युपूर्व जबानी हातात आली की नवे वकील आधी शेवटचं पान उघडतात. डॉक्टरांचा शेरा आहे, अंगठा आहे, झालं. मधला मजकूर शांतपणे वाचायला कुणाला सवड नसते. पण जबानी देणारा माणूस गेलेला असतो. त्याने शपथ घेतलेली नसते, त्याची उलटतपासणी होणार नसते. उरतात ते फक्त त्याचे शब्द.

सगळ्यात महाग पडते ती भाषेची चूक. गोव्यात माणूस बोलतो कोकणीत, कागदावर उतरतं इंग्रजी. मी सरकारी वकिलांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हाचं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. भाजलेली एक तरुण बाई. जबानी घ्यायला आलेल्या मामलेदारांना तिने सांगितलं, “तांणी रॉकेल ओतलें.” मामलेदारांनी इंग्रजीत ‘they’ लिहिलं. म्हणजे अनेकांनी ओतलं. नवऱ्याबरोबर सासूही आरोपी झाली.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याला ‘तो’ म्हणत नाही. तिचं ‘तांणी’ एकट्या नवऱ्यासाठी होतं. आईला तिने तेच सांगितलं होतं. सासू त्या वेळी देवळात होती, हे बचावपक्षाने साक्षीदार आणून सिद्ध केलं. मग एकच प्रश्न उरला: अर्धी जबानी खोटी, तर उरलेली खरी कशावरून? दोघेही सुटले. तिचा मूळ शब्द कागदावर कुठेच नव्हता. मामलेदारांनाही तो आठवेना.

तेव्हापासून जबानी लिहून घेणारा अधिकारी पिंजऱ्यात आला की माझे पहिले प्रश्न ठरलेले. प्रश्न कुठल्या भाषेत विचारले? उत्तर कुठल्या भाषेत आलं? भाषांतर कुणी केलं? वाचून दाखवलं ते कोकणीत की इंग्रजीत? आणि कुणी मामलेदार सल्ला विचारतात तेव्हा सांगतो की तिचाच शब्द देवनागरीत लिहा, आणि ‘तांणी’ आलं की तिथेच थांबून विचारा, “तांणी म्हणजे कोण?” “घोवान काय?” म्हणजे ‘नवऱ्याने का?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच तिच्या तोंडी घातलंत.

दुसरी चूक डॉक्टरांच्या दाखल्याची, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे आणि जबानी देऊ शकतो या शेऱ्याची. दाखला नाही म्हणून जबानी बाद, असा युक्तिवाद तरुण वकील आजही करतात. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2002 मध्येच हा प्रश्न निकालात काढला. जबानी घेणाऱ्याची स्वतःची खात्री झाली असेल आणि ती विश्वासार्ह असेल, तर दाखल्यावाचून अडत नाही. उलट दाखला आहे म्हणून निर्धास्त राहणंही तितकंच वाईट. मी वॉर्डातली नोंदवही मागवतो. गुंगी आणणारं इंजेक्शन किती वाजता दिलं आणि जबानी किती वाजता सुरू झाली, या दोन वेळा शेजारी मांडतो. तासभर जातो त्यात. तेवढा धीर नसेल, तर खुनाचा खटला घेऊ नये.

पुष्टी देणारा पुरावा हवाच, असा नियम नाही. खुशाल राव खटल्यात 1957 सालीच ते स्पष्ट झालं. एकट्या जबानीवर शिक्षा होऊ शकते, म्हणूनच ती इतकी काटेकोर घ्यावी लागते.

मरण समोर दिसत असतानाच बोललेलं चालतं, हा इंग्लंडचा जुना नियम होता. आपल्याकडे तशी अट नाही.

जबानीच्या वेळी नातेवाईक खाटेजवळ नकोत. आईसुद्धा नको.

बोलता येत नसेल तर खुणा चालतात. 1885 च्या अब्दुल्ला खटल्यात गळा चिरलेल्या मुलीच्या हाताच्या खुणा ग्राह्य धरल्या गेल्या. मात्र प्रश्न काय होता आणि खूण कशी केली, दोन्ही लिहा. नुसतं ‘होकार दिला’ लिहून भागत नाही.

1 जुलै 2024 पासून मृत्युपूर्व जबानीला भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 26 लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 32 पाठ असलं तरी नवीन वाचा.

आणि माणूस वाचला, तर त्या कागदाला मृत्युपूर्व जबानी म्हणू नका. ते आता त्याचं आधीचं निवेदन. त्याला साक्षीला बोलवा, त्याच्या तोंडून ऐका, आणि तो कागद त्याच्या साक्षीशी ताडून पाहण्यापुरता वापरा.