लांब पल्ल्याच्या सरावात हळू धावायला कसे शिकावे

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, त्यामुळे तिच्यासाठी नाव नोंदवलेल्या अनेकांचा सराव गणपतीच्या आसपास सुरू होतो आणि ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात अंतर वाढू लागते. नडगी दुखणे, टाच धरणे, रात्री नीट झोप न लागणे या तक्रारीही त्याच सुमारास डोके वर काढतात. त्यांचे खापर बुटांवर किंवा रस्त्यावर फोडले जाते. माझ्या मते मात्र बहुतेक वेळा दोष रोजच्या वेगाचा असतो. नियमित धावू लागल्यावर दम काही आठवड्यांतच वाढतो, पण हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. या मधल्या काळात छाती साथ देते म्हणून पायांवर भार टाकला जातो आणि दुखापत होते.

स्टीफन सायलर या अभ्यासकाने नॉर्वेत राहून धावणे, स्कीइंग, नौकानयन अशा दमाच्या खेळांतील अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण 80 टक्के सत्रे सोप्या वेगाची असल्याचे दिसून आले. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी त्याच्या कितीतरी आधी हे ओळखले होते. 800 मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही ते वेगाच्या सरावाआधी अनेक आठवडे केवळ लांब अंतरे धावायला लावत. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने 800 मीटरचे आणि त्यांचाच शिष्य मरे हॅल्बर्गने 5,000 मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले.

सोपा वेग ओळखण्यासाठी घड्याळापेक्षा श्वासावर भरवसा ठेवावा. सोबती असेल तर गप्पा मारत धावावे. एकटे असाल तर सतराचा पाढा मोठ्याने म्हणावा. ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न’ इतके एका दमात सहज म्हणता आले तर वेग योग्य आहे. प्रत्येक ओळीनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल तर लगेच वेग कमी करावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर मिनिटभर चालावे. दोन तासांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करणारा धावक स्पर्धेत किलोमीटरला सुमारे 5 मिनिटे 41 सेकंद लावतो. त्याचा रोजचा सोपा वेग 6 मिनिटे 40 सेकंद ते 7 मिनिटे 20 सेकंदांच्या दरम्यान असायला हरकत नाही. सुरुवातीला हा वेग लाजिरवाणा वाटतो, विशेषतः शेजारून कोणी पुढे निघून गेले की पाय आपोआप उचलले जातात. म्हणूनच पहिला महिनाभर आपल्यापेक्षा वेगवान गटाबरोबर रविवारी धावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत फसवा असतो तो मधला वेग, ज्यात धाप लागत नाही पण बोलणेही तुटक होते. घरी परतल्यावर मेहनत केल्याचे समाधान मिळते, पण थकवा साचत जातो आणि ज्या दिवशी खरोखर जोर लावायचा असतो त्या दिवशी पाय उठत नाहीत. आठवड्यातून पाच दिवस धावणाऱ्याने बुधवारी एकच कठीण सत्र ठेवावे, रविवारचे लांब अंतर शेवटच्या किलोमीटरपर्यंत सोप्या वेगात धावावे आणि उरलेले तीन दिवस पाढ्याच्या कसोटीवर काढावेत. चुकलेले सत्र दुसऱ्या दिवशी भरून काढू नये.

उकाडा आणि चढ यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. म्हणून तिथे कालचा वेग आज गाठण्याचा हट्ट सोडावा. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी यवतेश्वर घाट चढताना श्वास सपाटीसारखाच ठेवावा, प्रसंगी चालावे. तिथला उतार मांड्यांना चढापेक्षाही अधिक दुखावतो, त्यामुळे घाटात धावलेला दिवस कठीण दिवसांतच मोजावा.

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहावी. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल आणि दोन-तीन दिवस तशीच राहिली, तर त्या आठवड्याचे कठीण सत्र रद्द करावे. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर मात्र धावणे पूर्ण थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाला गेलेला बारीक तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितल्यास तो टाळू नये.