ब्रेकियल प्लेक्सस पाठ करू नका, हाताने काढा आणि स्वतःच्या हातावर बघा

मेडिकलच्या फर्स्ट इयरला अपर लिंब, म्हणजे हाताची रचना, सुरू झालं की ज्युनियर्सचे मेसेज यायला लागतात, ताई हे ब्रेकियल प्लेक्सस काही डोक्यात राहतच नाही. ब्रेकियल प्लेक्सस म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं. राहणार कसं, पुस्तकातली आकृती म्हणजे रंगीत वायरींचा गुंता, आणि आपण तो गुंता फोटोसारखा लक्षात ठेवायला जातो. कोरा कागद घ्या, पेन्सिल घ्या, आणि हात तर आपल्याजवळ आहेच.

पेन्सिल टेकवायच्या आधी एवढंच समजून घ्या की दंड आणि हाताच्या पुढचे स्नायू साधारण वाकवायचं काम करतात आणि मागचे सरळ करायचं. मानेतून निघालेल्या प्रत्येक नसेत दोन्हीकडचे धागे एकत्र असतात, ते सुटे करून पुढचे पुढे आणि मागचे मागे पाठवायचे यासाठीच हे सगळं जाळं आहे. मला हे उशिरा कळलं, पण कळल्यावर आकृती परत कधी विसरले नाही.

आता कागदाच्या डावीकडे वरून खाली लिहा सी ५, सी ६, सी ७, सी ८, टी १. हे रूट्स, म्हणजे नसांची मुळं; सी मानेची, टी छातीची. (मानेचे मणके सात आणि नसा आठ कशा, असं व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात, पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते म्हणून एक जास्त.) सी ५ आणि सी ६ जोडून आडवा पडलेला वाय काढा, तो अपर ट्रंक. सी ७ एकटाच सरळ जातो, तो मिडल. सी ८ आणि टी १ चा दुसरा आडवा वाय, तो लोअर. मानेत हे स्केलिनस अँटिरियर आणि मिडियस या दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर येतं.

मग तिन्ही ट्रंकना दोन दोन फाटे फोडा, पुढचा सलग रेषेने आणि मागचा तुटक रेषेने, हे सहा डिव्हिजन्स म्हणजे कॉलरबोनच्या मागचा भाग. आता तिन्ही तुटक रेषा एकत्र आणा, झाली पोस्टिरियर (मागची) कॉर्ड. वरच्या दोन सलग रेषा जोडा, ती लॅटरल (बाहेरची). खालची सलग रेष उरली, ती तशीच पुढे जाते, ती मिडियल (आतली). ही नावं अॅक्सिलरी आर्टरीच्या, म्हणजे काखेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, कुठल्या बाजूला कॉर्ड आहे त्यावरून पडलीत, आणि तेही छातीच्या पेक्टोरॅलिस मायनर स्नायूच्या मागे असलेल्या दुसऱ्या भागाजवळ, म्हणून आर्टरी काढल्याशिवाय आकृती पुरी समजू नका.

तुटक रेषेतून शेवटी दोन मोठ्या नसा निघतात, अॅक्सिलरी आणि रेडियल. पुढच्या दोन कॉर्डमधून एमचा आकार तयार होतो: बाहेरचा पाय मस्क्युलोक्युटेनियस, आतला पाय अल्नर, आणि दोन्ही कॉर्डची एकेक फांदी मधे मिळून मीडियन. डिसेक्शन हॉलमध्ये काखेतली पिवळी चरबी चिमट्याने काढत बसलं की सगळ्या दोऱ्या सारख्याच दिसतात, तेव्हा घाबरू नका, आधी दंडातला कोराकोब्रेकियालिस स्नायू शोधा. जी नस त्या स्नायूला भोसकून आत शिरते ती मस्क्युलोक्युटेनियस, तिला धरून मागे मागे आलात की आर्टरीच्या समोर अख्खा एम उघडा होतो.

छोट्या फांद्या नंतर घाला. रूट्सवरून डॉर्सल स्कॅप्युलर आणि लाँग थोरॅसिक, अपर ट्रंकवरून सुप्रास्कॅप्युलर आणि सबक्लेवियस स्नायूची नस, बाकी दोन ट्रंकवरून काहीच नाही. कॉर्डच्या फांद्या पुस्तकात बघून भरा.

आता हात पुढे करा. मनगट वर उचललंत, रेडियल चालू आहे. तळहात छताकडे ठेवून अंगठा सरळ वर उभा केलात, मीडियन. बोटांच्या फटीत कागद धरून दुसऱ्याला ओढायला सांगा, तो अल्नर, आणि कोपराला आतल्या हाडामागे खट्कन लागून करंगळीपर्यंत मुंग्या जातात ना, ती पण हीच. तळहात वर ठेवून कोपर वाकवलंत तर मस्क्युलोक्युटेनियस, दंड बाजूला उचललात तर अॅक्सिलरी. भिंतीला दोन्ही हातांनी ढकला आणि मैत्रिणीला मागून बघायला सांगा, खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर आलं नाही म्हणजे लाँग थोरॅसिक ठीक आहे.

हे मला खरं भिडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाळामुळे. जन्माच्या वेळी खांदा अडकला होता, उजवा हात अंगाला चिकटून पडलेला, कोपर सरळ, तळहात मागे वळलेला. मी त्याच्या तळव्यावर बोट ठेवलं तर त्याने ते घट्ट धरलं, आणि तिथे उभ्या उभ्या डोळ्यासमोर आकृती आली. बोटांची पकड मुख्यतः सी ८ आणि टी १ ची, म्हणजे खालचा वाय शाबूत, मार वरच्या वायला. याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात, पाल्सी म्हणजे लुळेपणा. तुमच्या कागदावर अपर ट्रंकवर फुली मारा आणि पुढे चालत जा: सुप्रास्कॅप्युलर गेली, अॅक्सिलरी गेली म्हणून हात बाजूला उचलत नाही आणि बाहेर वळत नाही, मस्क्युलोक्युटेनियस गेली म्हणून कोपर वाकत नाही आणि तळहात वर फिरत नाही. फिजिओथेरपी रोज चालू होती, आणि तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्याने कोपर वाकवून मूठ तोंडात घातली, बहीण फोनवर नुसती रडत होती.

मग फुली पुसा आणि खालच्या वायवर मारा. ती क्लुम्पके पाल्सी, ऑगस्टा क्लुम्पके यांनी पॅरिसमध्ये मेडिकलचं शिक्षण चालू असतानाच १८८५ साली तिचं वर्णन केलं होतं. इथे खांदा, कोपर ठीक, पण पंजातले छोटे स्नायू जातात आणि बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी वाकतात. आणि पंजाबरोबर त्याच बाजूचा डोळाही बघा, पापणी खाली आलेली आणि बाहुली लहान असेल तर मार टी १ ला अगदी मणक्याजवळ बसलाय, कारण डोळ्याकडे जाणारे सिंपथेटिक (आपोआप काम करणारे) धागे तिथूनच बाहेर पडतात.