'२०% सेल' आणि बंद पडलेलं काउंटर: क्लायंट लायब्ररीतली फॉरमॅट स्ट्रिंग कशी तपासावी

समजा, इंदूरला राजवाड्याजवळच्या साड्यांच्या दुकानात बिलिंग सॉफ्टवेअर आहे. सर्व्हरकडून ऑफरचा मजकूर येतो आणि क्लायंट लायब्ररी (काउंटरवरच्या प्रोग्रामचा सर्व्हरशी बोलणारा भाग) तो लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, लिहिते. मजकूर '२०% सूट' असतो तोवर काही बिघडत नाही. दिवाळीत कोणीतरी रोमन लिपीत '२०% सेल' टाइप करतं आणि काउंटरवरचा प्रोग्राम बंद पडतो.

सी भाषेत मजकूर छापणारं प्रिंटएफ हे फंक्शन पहिला मजकूर फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे छपाईचा साचा, म्हणून वाचतं आणि त्यातल्या % पासून पुढे आज्ञा शोधतं. इथं सर्व्हरचा मजकूरच साच्याच्या जागी दिलेला आहे. त्यामुळे प्रिंटएफला % नंतरची मोकळी जागा हा फ्लॅग वाटतो आणि पुढचं रोमन एस म्हणजे 'पत्ता घे, तिथली स्ट्रिंग छाप' अशी आज्ञा. पत्ता तर कोणी दिलेलाच नसतो. मग इंटेल-एएमडीच्या ६४-बिट लिनक्सवर आधी प्रोसेसरच्या पाच रजिस्टरांत आणि नंतर स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) जे पडलं असेल ते उचललं जातं. '१८% नेट' याहून वाईट, कारण एनची आज्ञा वाचत नाही, लिहिते: तोवर छापलेल्या बाइटांची संख्या त्या पत्त्यावर जाऊन बसते. देवनागरी 'सू' मात्र कुठल्याच आज्ञेत बसत नाही, त्यामुळे ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) बहुधा मजकूर जसाच्या तसा छापते. म्हणजे नुसत्या मराठी-हिंदी मजकुरावर केलेली चाचणी इथं हमखास फसवते.

सर्व्हर आपलाच आहे, त्याच्या मजकुरावर कशाला संशय, असं म्हणून चालत नाही. पर्ल भाषेच्या डीबीडी-पीजी या पोस्टग्रेस डेटाबेसच्या क्लायंट मॉड्यूलमध्ये २.१९.० आवृत्तीपूर्वी नेमकं हेच होतं: सर्व्हरने पाठवलेली वॉर्निंग थेट फॉरमॅट म्हणून वापरली जायची. २०२१ मध्ये तर % चिन्हांनी भरलेल्या एका वायफाय नावाला जोडल्यावर आयफोनचं वायफायच बंद पडत होतं.

शोधाची सुरुवात कंपायलरपासून करा. (फ्लॅगची नावं आणि '%एस', '%२$डी' यांसारख्या आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत द्या.) मूळ जीसीसी कंपायलरमध्ये 'डब्ल्यू-ऑल' पुरेसं नाही; 'डब्ल्यू-फॉरमॅट=२' द्या आणि 'डब्ल्यू-एरर=फॉरमॅट-सिक्युरिटी' लावून बिल्डच थांबवा. तरीही खरी चूक निसटते, कारण लायब्ररीत कोणी थेट प्रिंटएफ बोलावत नाही. स्वतःचं लॉग फंक्शन असतं आणि ते आत प्रिंटएफच्याच कुटुंबातल्या व्हीएसएनप्रिंटएफला हाक मारतं. लॉग फंक्शनचा दुसरा आर्ग्युमेंट फॉरमॅट आहे हे कंपायलरला कुठून कळणार? हेडरमध्ये त्या फंक्शनला फॉरमॅट अॅट्रिब्यूट लावा: लेव्हल, फॉरमॅट, मग बाकीचे, असा क्रम असेल तर आकडे २ (फॉरमॅटची जागा) आणि ३ (बाकीचे जिथून सुरू होतात ती जागा). सी++ च्या साध्या मेंबर फंक्शनमध्ये 'धिस' हा न दिसणारा आर्ग्युमेंट पहिला धरला जातो, म्हणून ३ आणि ४. बाकीचे आर्ग्युमेंट व्हीए-लिस्ट या एकाच गठ्ठ्यात घेणाऱ्या फंक्शनला शेवटचा आकडा ०. याने एबीआय (कंपाइल झालेल्या कोडची जोडणी) बदलत नाही, तेव्हा जुन्या लायब्ररीतही बिनधास्त लावा. पहिल्या बिल्डला इशाऱ्यांची रांग लागेल, ती लागू द्या.

आता चालत्या प्रोग्रामवर चाचणी. नेटकॅट या नेटवर्कवर मजकूर पाठवणाऱ्या छोट्या साधनाने खोटा सर्व्हर उभा करा आणि एरर मेसेज, बॅनर, फाइलचं नाव, सर्टिफिकेटमधलं नाव अशा प्रत्येक जागी आधी फक्त '%%' पाठवा. लॉगमध्ये एकच % दिसला तर मजकूर फॉरमॅट म्हणून वाचला गेला, आणि काही कोसळलंही नाही. मग '%पी' चार-पाच वेळा पाठवा. शून्य-एक्सने सुरू होणारे आकडे उमटले की खात्री झाली. एनच्या वाटेला जायची गरज नाही.

अनेकदा चूक मजकूर दुसऱ्यांदा छापला जाताना होते. एसएनप्रिंटएफने बफर नीट, '%एस' वापरून भरलेला असतो. पुढच्याच ओळीत तो बफर लॉग फंक्शनला फॉरमॅट म्हणून दिला जातो.

दुरुस्ती एका ओळीची: फॉरमॅटच्या जागी '%एस' आणि मजकूर त्यानंतर, किंवा सरळ एफपुट्स, जे % कडे आज्ञा म्हणून पाहतच नाही. मजकुरातले % काढून टाकणं किंवा दुप्पट करणं हा उपाय नव्हे. त्याने यूआरएल मोडतात आणि बरोबर लिहिलेल्या जागी दोन-दोन % दिसू लागतात. 'फॉर्टिफाय-सोर्स=२' ही प्रोग्राम चालताना तपासणी करणारी सोय जरूर लावा, पण ऑप्टिमायझेशन चालू नसेल तर ते काही करत नाही. शिवाय ते लिहिता येणाऱ्या मेमरीतल्या फॉरमॅटमधला एन अडवतं; एसमुळे होणारा क्रॅश किंवा पीमधून फुटणारे पत्ते नाही.

प्रोग्रामच्या संदेशांचं मराठी भाषांतर देत असाल तर ते ज्यात असतं ती पीओ फाइलही तपासा. समजा, मूळ संदेशात आधी फाइलचं नाव ('%एस'), मग त्रुटीचा क्रमांक ('%डी') आहे. मराठीत 'त्रुटी %डी मुळे %एस ही फाइल उघडली नाही' असं सहज लिहिलं जातं. क्रम उलटल्यामुळे क्रमांकच पत्ता समजून वाचला जातो. तिथं '%२$डी' आणि '%१$एस' असं लिहा, आणि पीओ फाइल तपासणारं 'एमएसजीएफएमटी' हे साधन दर बिल्डला (रोमन लहान) 'सी' पर्यायासह चालवा. संदेशावर 'सी-फॉरमॅट' खूण नसेल तर ते तपासत नाही.